फुफू फक्त माझ्या हातचा

तर नणंदेनं भांडं पुढं केलं, बिरागोनं झाकण उचललं, आणि आत मटणाचे तीन तुकडे. काल इथंच आपण उठलो होतो.

आता तीन तुकड्यांत एवढं काय, असं कुणी विचारील. एक तुकडा असता तर काहीच नव्हतं. चौतीस वर्षं एनो बिरागोच्या नवऱ्यानं, म्हणजे ओपानिन तुमासीनं, संध्याकाळच्या भांड्यात मटणाचा एक तुकडा मागं ठेवून भांडं परत पाठवलं होतं. पोटभर जेवलो, हा तुझा, असा त्याचा अर्थ. दोघांनी तो कधी तोंडानं बोलून दाखवला नाही. सोमवारच्या भांड्यात दोन तुकडे आले, तेव्हा तिला वाटलं म्हाताऱ्याचं पोट बिघडलं असेल. बुधवारच्या भांड्यात तीन. शिवाय फुफूचा गोळा एकाच अंगानं कुरतडलेला, उंदरानं भाकरी कुरतडावी तसा. बिरागो ओल्या तळहातानं गोळा वळताना माथ्यावर अंगठ्याचा एक खळगा ठेवते. तो खळगाही जागच्या जागी.

"काल जेवले नाहीत का?" तिनं विचारलं.

नणंद दुफिए विधवा, भावाच्याच घरी राहणारी, जिभेनं मिरचीपेक्षा तिखट. ती म्हणाली, "जेवले की. आता तू पाठवलेलं जेवले की आणखी कुठलं, ते मला काय ठाऊक? मी काय त्यांच्या पोटात शिरून बघते?"

एवढं बोलून ती गेली. ठिणगी टाकून जाणारी माणसं जाळ बघायला कधी थांबत नाहीत.

मांपोंग हे असांती मुलखातलं गाव, वयस्क बाईला मानानं एनो म्हणतात, पुरुषाला ओपानिन. इथं जुन्या वळणाची बाई लग्न झालं तरी आपल्या आईच्या घरी राहते आणि नवरा त्याच्या आईच्या घरी. मध्ये दोन-तीन गल्ल्या. मग लग्न दिसतं कुठं, तर त्या गल्ल्यांतून संध्याकाळी जाणाऱ्या झाकलेल्या भांड्यात. भांडं जातंय तोवर बाई नांदतेय. ज्या संध्याकाळी ते गेलं नाही, त्याच्या दुसऱ्या सकाळी दोन्हीकडची वडीलधारी माणसं दारूची बाटली काखेत मारून बोलणी करायला येतात, आणि ती बोलणी जोडायची नसतात.

बिरागोची स्वतःची खानावळ होती. लॉरीतळाच्या मागं, पत्र्याचं छप्पर, चार लांब बाकं, आणि दाराशी उखळ. सकाळी दहापासून मुसळाचा ठेका सुरू झाला की तळावरचे ड्रायव्हर घड्याळ बघायचे सोडून द्यायचे. उकडलेला कसावा आणि हिरवं केळं, एकानं कुटायचं, दुसऱ्यानं दोन ठोक्यांच्या मधे हात घालून गोळा उलटायचा. बिरागो उलटायला बसायची. मुसळ बोटावर पडेल अशी भीती तिला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती एकाच गोष्टीची.

तुमासी तरुणपणी लॉरी चालवायचा. लॉरीच्या कपाळावर पाटी होती, "भांडण नको". त्यामुळं अख्खा तळ त्याला भांडण-नकोच म्हणायचा, आणि माणूसही तसाच, पावसात भिजलेल्या कोंबडीसारखा गरीब. देखणा मात्र होता. त्यात दहा गावांतून जाणारा, दहा ठिकाणी जेवणारा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बिरागोनं त्याला बसवून, मानाची हाक मारून सांगितलं होतं, "अग्या, जगात वाटेल ते खा. केंके खा, बांकू खा, भात खा. ते पोट भरणं झालं. फुफू म्हणजे जेवण. फुफू फक्त माझ्या हातचा."

तुमासीनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

तरी एकदा तिच्या कानावर आलं, की एजुराला एका बाईच्या हातचं सूप त्याला फार आवडतं. दुसऱ्या दिवशी ही त्याच्याच लॉरीत मागं, रताळ्याएवढे कोंब फुटलेल्या सुरणांच्या ढिगावर बसून एजुराला. त्याला पत्ता नाही. तिथं उतरून बघते तो बाई ऐंशी वर्षांची, एका डोळ्यानं अधू, तोंडात दोन दात. तिनं बिरागोला प्रेमानं वाडगाभर सूप पाजलं. परत येताना पुढच्या सीटवर बसलेल्या बिरागोचा चेहरा जातानासारखाच फुगलेला. तुमासी म्हणाला, "आता तरी खात्री पटली ना?" तर म्हणते, "बाई म्हातारी आहे, पण सूप तरुण आहे." आणि पुढच्या आठवड्यापासून हिच्या शेंगदाण्याच्या सुपात भाजलेलं वांगं पडू लागलं. ते एजुराचं. ते आजही पडतं.

वाढायला ठेवलेल्या तीन पोरी तिनं एका वर्षात काढल्या. का, तर तुमासी बाकावर बसला की त्या पळी खोल बुडवून वाढतात. शेवटी तिनं त्यालाच सांगितलं, "माझ्या खानावळीत बसायचं नाही. तुम्ही काय गिऱ्हाईक आहात? माझ्या नवऱ्याचं जेवण झाकून त्याच्या घरी जातं." त्यानं पुन्हा मान डोलावली. त्यालाही तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

लॉरी विकून तुमासी घरी बसला, तरी जिभेला चाकं होतीच. सकाळी हाज्जिया मेमुनातुच्या पातेल्यातला तांबडा चवळीभात, पानावर, वर तिखट चटणी. मंगळवारी किनाऱ्याकडच्या फांती बाईचा आंबवलेल्या मक्याचा केंके आणि तळलेला मासा. शुक्रवारी मशिदीमागं उत्तरेकडच्या लोकांची भेंडीबरोबरची गरमगरम उकड. रविवारी चर्च सुटलं की भाताचे गोळे, कारण ते रविवारीच मिळतात. घरापासून हाकेच्या अंतरावर इतकी चुलाणं, की एका माणसाला एक जन्म पुरू नये. बिरागोला यातलं एकूणएक माहीत होतं आणि एकाचंही वाईट वाटत नव्हतं. उलट मेमुनातुला ती बजावायची, "हाज्जिया, चटणी कमी घाला त्यांना, संध्याकाळी माझं जेवायचंय."

म्हणूनच ते तीन तुकडे तिला खुपले. नऊ वाजता चवळीभात खाल्लेला माणूस पाच वाजता फुफू खातो. मासा खाल्लेलाही खातो. पाच वाजता फुफू जात नाही, तो एकाच माणसाला. ज्यानं तीन वाजता फुफू खाल्लाय त्याला.

तिनं भांडं तसंच उचललं आणि समोर मेमुनातुकडे गेली. मेमुनातु उत्तरेकडची, वीस वर्षं याच नाक्यावर पातेलं घेऊन बसलेली. तिच्या नजरेतून मांजर सुटायचं नाही.

"हाज्जिया, आमचे हे दुपारी कुणीकडं जातात?"

मेमुनातुनं पानावरच्या माशा हाकलल्या. "मला मध्ये घेऊ नकोस गं."

"म्हणजे जातात."

"पेट्रोल पंपाच्या बाजूला जातात. आता त्या बाजूला पंप आहे, टायरवाला आहे, चर्च आहे."

"आणि कोनामा आहे."

मेमुनातु पुन्हा माशा हाकलू लागली, म्हणजे झालंच.

कोनामानं ईस्टरनंतर खानावळ काढली होती. निळ्या रंगाच्या भिंती, खांबाला रंगीत दिवे, आणि स्वतः पस्तिशीची, नवरा सोडून गेलेला, हसली की गालाला खळी. ती खळी बिरागोच्या डोळ्यांपुढं आली, फुफूच्या गोळ्यावर असावी तशी. तळपायाची आग मस्तकात गेली.

"खरं निघालं ना हाज्जिया, तर आज संध्याकाळी भांडं जायचं नाही."

मेमुनातुचा हात पातेल्यातच राहिला. "असं संतापात बोलू नये. बोललेलं गल्ली ऐकते."

"ऐकू दे."

दुपारी अडीचला बिरागोनं चुलीशी भाचीला बसवलं, डोक्याला चांगला फडका बांधला आणि निघाली. वाटेत तिनं मनाशी ठरवलं, नुसतं समोरून जायचं. दिसले तर दिसले. नाही दिसले, तर देवाचे आभार आणि दुफिएच्या जिभेला निखारा. चौतीस वर्षांचं भांडं, आणि ते कुणापुढं हरायचं, तर रंगीत दिव्यांपुढं.

खानावळ भरलेली होती. उन्हातून आत बघायचं म्हणजे सगळा अंधार. मागच्या कोपऱ्यात खांबाआड तीन-चार डोकी होती, एवढंच कळलं. एक जण तर भिंतीकडं तोंड करून बसलेला. तिनं चाल मंदावली, डोळे बारीक केले, तरी काही उमगेना. आता खरं सांगायचं तर ती पुढं निघूनच गेली होती. दोन पावलं टाकली असती तर पंप आला असता आणि ही गोष्ट इथंच संपली असती.

पण असांती माणसाचं एक आहे. हात भांड्यात असताना जवळून कुणाची पावलं वाजली, तर जेवायला बोलावल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मग तो मित्र असो, वैरी असो, कर मागायला आलेला कारकून असो. आईनं दुधाबरोबर पाजलेली ती सवय. जाणाऱ्यानंही "माझा हात त्यात आहेच" असं म्हणून पुढं जायचं. बसत कुणी नाही. बोलावणाऱ्याला माहीत असतं, जाणाऱ्यालाही माहीत असतं.

तुमासी सगळा बेत करून बसला होता. खांब निवडला होता, तोंड भिंतीकडं केलं होतं, टोपी कानापर्यंत ओढली होती. चपला वाजल्या, आणि त्याच्या मागं वळून न बघणाऱ्या तोंडातून आपोआप निघालं, "या, जेवू या."

बिरागो थांबली.

तो आवाज तिनं लॉरीच्या इंजिनावरून ऐकला होता, मुलांच्या बारशात ऐकला होता, आईच्या अंत्यविधीत ऐकला होता. ती वळली, आत आली, हात धुवायच्या भांड्यापाशी गेली, उजवा हात सावकाश धुतला आणि थेट त्या बाकावर, नवऱ्याच्या शेजारी बसली.

भांड्याभोवती चार हात होते. तुमासीचा आणि तीन जुन्या ड्रायव्हरांचे. चारही हात वरच्या वर थांबले. बादू नावाचा एक ड्रायव्हर होता, त्याच्या लॉरीवर पूर्वी "मत्सर कशाला" अशी पाटी असायची. त्यानं घास तोंडात ठेवला आणि गिळायचा विसरून गेला.

"तू इकडं कुठं?" तुमासीनं विचारलं.

"बोलावलंत म्हणून आले," बिरागो म्हणाली.

कोनामा पळी हातात घेऊनच आली. "एनो, तुमच्यासाठी वेगळं भांडं आणू का?"

"नको. यांनी आपल्यातलं जेवायला बोलावलंय."

तिनं गोळ्याचा लचका तोडला, सुपात बुडवला, गिळला. पुन्हा एकदा बुडवला. मग मटण उचलून दाबून बघितलं. मसाल्याची विकतची वडी हात सैल सोडून घातलेली. टोमॅटो कच्चा. बोकड बहुधा तिच्या लग्नाच्या वेळचा. सूप चांगलं असतं, तर तिनं एकवेळ समजून घेतलं असतं. जीभ आहे, माणूस घसरतो. पण हे पाणचट सूप, आणि त्यासाठी तीन तुकडे मागं? म्हणजे माणूस जिभेसाठी येत नाही. मग कशासाठी येतो?

"या सुपासाठी येता?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज इतका हळू, की पलीकडच्या बाकांनी जेवण थांबवलं.

बादूला राहवलं नाही. "एनो, सुपासाठी इथं कोण येतं?"

"मग कुणासाठी येता?" असं म्हणून तिनं कोनामाच्या खळीकडं बघितलं.

कोनामा पळी आपटून म्हणाली, "एनो, एक सांगू का? तुमचे हे आणि हे तिघं, चौघांत मिळून एक भांडं मागवतात आणि माझं बाक सूर्य कलेपर्यंत अडवतात. एजुराच्या वाटेवर कुणाची लॉरी कोणत्या साली पलटी झाली, हे आता मला पाठ झालंय. घेऊन जा यांना. तुमचे उपकार होतील."

आता बघा, हे ऐकून बिरागोला हायसं वाटायला हवं होतं. तर तिला आणखीच झोंबलं. माझ्या नवऱ्याला घेऊन जा म्हणणारी ही कोण? चौतीस वर्षं ज्याच्यावर पहारा केला, तो माणूस हिला फुकटसुद्धा नको?

तुमासी मान खाली घालून बसला होता. त्यानं बोटांवरचं सूप पुसलं आणि कधी नव्हे ते मान न डोलावता बोलला.

"बिरागो, तुझं भांडं पाच वाजता येतं. मी झाकण उघडतो. पूर्वी झाकण उघडलं की भाचे धावत यायचे, पाच-पाच हात आत पडायचे, मटणासाठी भांडणं व्हायची. आता एक कुमासीत, एक अक्रात, बाकीचे कुठंकुठं. दुफिए तिचं तिचं आत जेवते. अंगणात मी आणि भांडं. एकट्या हाताला फुफू उतरत नाही गं. केंके उतरतो, भात उतरतो. फुफू नाही उतरत."

"मग माझ्या खानावळीत यायचं."

"बसायचं नाही असं तूच सांगितलंस."

"ते कधी?"

"सव्वीस वर्षं झाली. तू परत काही बोलली नाहीस, म्हणून मी आलो नाही."

बादू तोंडातला घास एकदाचा गिळून म्हणाला, "याला रस्त्यावरचा 'थांबा' फलक दिसला ना, तर दुसरा 'चला' फलक लागेपर्यंत हा थांबायचा. म्हणून याची लॉरी कधी पलटी झाली नाही."

बिरागो उठली, हात धुतला आणि कोनामाला म्हणाली, "टोमॅटो आधी शिजव. मग मिरची." एवढंच. नवऱ्याकडं न बघता ती बाहेर पडली. तुमासीला मागून विचारायचं होतं, आज भांडं येणार का. पण ते विचारायला छाती लागते.

पाच वाजले. गल्लीत बातमी केव्हाच पोचली होती. दुफिए आज कधी नव्हे ती दारात बसून सोललेलाच लसूण पुन्हा सोलत होती. तुमासी अंगणात स्टुलावर, हात धुऊन. पाचावर दहा झाले, पाचावर वीस झाले. रोज बिरागो आपल्या भाचीबरोबर भांडं पाठवायची, ती भाची काही दिसेना. साडेपाचला दुफिए म्हणाली, "दादा, भात टाकू का?" तुमासी नुसता धुतलेल्या हाताकडं बघत राहिला. तो वाळून गेला होता.

तिकडं खानावळीत मुसळाचा आवाज थांबला नव्हता. त्या दिवशी बिरागोनं गिऱ्हाइकांना साडेतीनलाच संपलं म्हणून सांगितलं होतं आणि उखळापाशी स्वतः बसली होती. मेमुनातु समोरून ठोके ऐकत होती. रोजच्या वेळेला थांबले नाहीत, तेव्हा ती मनात म्हणाली, एका माणसाचा फुफू एवढा वेळ कुटत नाहीत.

पावणेसहाला गल्लीच्या तोंडाशी बिरागो दिसली. डोक्यावर मयताच्या वेळी शंभर माणसांच्या जेवणाला काढतात तो मोठा पांढरा टोप, वर दोन कपडे झाकलेले. मागं बादू आणि ते दोघं ड्रायव्हर, शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे ओळीनं. तिनं त्यांना वाटेतून, कोनामाच्या बाकावरून उठवून आणलं होतं. टोप तुमासीपुढं ठेवून तिनं झाकण काढलं. चार गोळे, चारही माथ्यांवर खळगा. हलकं तिखट सूप, आणि बोकडाचा असा वास, की दुफिएचा लसूण हातातून गळाला.

"हात घाला," बिरागो म्हणाली. "आणि अग्या, त्या एजुराच्या अपघाताची गोष्ट इथंच सांगा. मला ऐकायचीय."

ती बाजूला ओट्यावर बसली. बायका पुरुषांच्या भांड्यापाशी बसत नाहीत, पण तिला उठ म्हणायची कुणाची टाप नव्हती. टोप परत गेला तेव्हा त्यात मटणाचा एकच तुकडा होता.

त्याला आता चार वर्षं झाली. तो टोप रोज जातो. कोनामाचं कोपऱ्यातलं बाक रिकामं झालं, तिथं आता रेडिओ दुरुस्तीवाले बसतात, पटकन जेवून उठतात आणि ती खूश आहे. तिचं सूपही सुधारलं म्हणतात. हे कुणी बिरागोपुढं बोललं, तर त्याला त्या दिवशी हाडाचा तुकडा मिळतो.

मागं एकदा मेमुनातुनं तिला विचारलं. दोघी नाक्यावर बसल्या होत्या, आणि गल्लीतून चौघा म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मेमुनातु म्हणाली, "काही म्हण, त्या दिवसापासून तू बदललीस. एवढी जळायचीस, आता चार जणांना हातानं करून घालतेस. गेला ना मनातला मत्सर?"

बिरागो टोप घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"गेला कुठं, हाज्जिया? मत्सर गेला असता, तर त्या तीन परक्या म्हाताऱ्यांना मी रोज बोकडाचं मटण घातलं असतं का?"